सोमवारी बदलणे

लेस ट्रेवास्किस अकरा वर्षं दर गुरुवारी दुपारी तीन वाजता माझ्याकडे चहाला यायचा. टेबलाशी चार खुर्च्या होत्या, पण तो बसायचा ती एकच, शेगडीशेजारच्या भिंतीला पाठ लावलेली. बसण्याआधी क्षणभर उभा राहायचा, नाकाने लांब श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "छान वास येतोय, नोर." मी केक केलेला असायचा. मला वाटायचं, केकचं कौतुक चाललंय. तो विधुर, मी घटस्फोटित. तो पंच्याहत्तरीला टेकलेला, मी साठीच्या अलीकडे-पलीकडे. गुरुवारी मी लिपस्टिक लावायला लागले होते. हे सांगायची लाज वाटते, पण सांगायलाच बसले आहे तर सगळंच सांगते. लेस केकसाठी येत नव्हता आणि माझ्यासाठीही येत नव्हता. तो माझ्या भिंतीचा वास घ्यायला येत होता.

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बॅलरॅटमध्ये गॅसफिटर पुष्कळ झाले, पण लेससारखा लेसच. नळ आणि पाइपांच्या दुकानात काउंटरवर मी सत्तावीस वर्षं काढली. सगळे मिस्त्री मला त्यांच्या बुटांवरून ओळखू यायचे. लेसचे बूट पुसलेले असायचे. दुसऱ्याच्या घरात चिखल न्यायचा नाही, हा त्याचा पहिला नियम. दुसरा नियम गेजचा. पाइप जोडून झाले की त्यात हवा भरायची, पाण्याचा गेज लावायचा आणि पाच मिनिटं पाणी हलत नाही ना, ते बघायचं. कायद्याने पाच मिनिटं पुरतात. लेस वीस मिनिटं बसायचा, थर्मासमधला चहा पीत, गेजकडे टक लावून. मिस्त्री लोक त्याला 'फादर लेस' म्हणायचे, कारण बुधवारी संध्याकाळी तो कारागिरांच्या कॉलेजात नियम शिकवायचा. कोणता पाइप भिंतीत चालतो, कोणता उन्हात चालत नाही, तांब्याला कुठे काय लावायचं नाही, सगळं त्याला पाठ. कोणी कुरकुरलं तर म्हणायचा, "नियम आवडला नाही? मग ज्याचं घर उडालं त्याला जाऊन विचार."

त्याची बायको मर्ल. ठेंगणी, गोल, बटाट्याच्या पास्टी, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मोठ्या करंज्या, करण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. लेसच्या डब्यातली अर्धी पास्टी माझ्या काउंटरवर यायची. "मर्लने तुझ्यासाठी दिलीय," असं तो म्हणायचा. खरं-खोटं तिलाच ठाऊक.

आता दोन हजार चार सालातला तो शुक्रवार सांगते.

तेव्हा गावाच्या पश्चिमेला नव्या वस्त्या उठत होत्या. मॅग्पाय कोर्ट नावाच्या एका बंद गल्लीत एकाच बिल्डरची, एकाच नकाशाची चार घरं उभी राहत होती. नंबर तीन, पाच, सात आणि नऊ. चारही घरांचं गॅसचं काम लेसकडे. नव्या धाटणीचे पाइप तेव्हा नुकतेच आले होते, आतून-बाहेरून प्लास्टिक आणि मध्ये अॅल्युमिनियमचा थर. गॅसचा पाइप पिवळा, पाण्याचा वेगळा. पण ते कोपऱ्यावर वळवून जोडायचे तुकडे, म्हणजे एल्बो, मात्र दिसायला सारखेच. फरक होता तो आतल्या रबराच्या रिंगमध्ये. गॅसच्या एल्बोतली रिंग गॅसला टिकते. पाण्याच्या एल्बोतली टिकत नाही. आज लावलात तर आज गळणार नाही, गेजवर पाणी तसूभर हलणार नाही, दाखला मिळेल. पण गॅस त्या रबराला आतून खात राहतो आणि कधीतरी, पाच वर्षांनी म्हणा, पंधरा वर्षांनी म्हणा, रिंग पकड सोडते. म्हणून तर कायदा. आमच्याकडे गॅसचे एल्बो पिवळ्या डब्यात असायचे, पाण्याचे निळ्या.

साडेतीनच्या सुमारास लेस दुकानात आला.

"नोर, वीस मिलिमीटरचा एक पिवळा एल्बो दे. एकच कमी पडलाय."

"संपले. ट्रक सोमवारी."

"अगं, एकसुद्धा नाही? सोमवारी प्लास्टरवाले भिंती बंद करायला येतायत."

"तुझ्यासाठी पोटातून काढू का?"

तो हसला. डोकं खाजवलं. मग म्हणाला, "बरं, निळ्यातला एक दे. बाथरूमला लागेल."

मी दिला. तो गेला.

त्या एल्बोचं त्याने काय केलं, ते एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. चारांतल्या एका घरात, शेगडीमागच्या भिंतीत, त्याने तो निळ्या डब्यातला एल्बो गॅसच्या पाइपाला बसवला. सोमवारी सकाळी सातला येऊन बदलायचा आणि मग प्लास्टरवाल्यांना आत सोडायचं, एवढाच बेत. गेज लावला. पाणी हललं नाही. आमच्याकडे भिंती लाकडी खांबांच्या, वरून जिप्समचे तक्ते. मिस्त्री भिंत बंद होण्याआधी आतल्या लाकडी खांबावर सुताराच्या जाड पेन्सिलने लिहून ठेवतात, तारीख, चाचणी, नाव. काही जण फुटबॉलचा स्कोअर लिहितात, काही जण बिल्डरच्या आईबद्दल लिहितात. गावातल्या प्रत्येक घराच्या भिंतीत असलं काहीबाही आहे. लेसने त्या खांबावर आठवण म्हणून एक ओळ लिहिली आणि चारही घरांच्या दाखल्यांवर सह्या करून टाकल्या.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये चहाचे कप धुताना मर्ल कोसळली. मेंदूत रक्तस्राव. तिला मेलबर्नला नेलं. लेस तीन आठवडे तिच्या उशाशी बसून होता. ती जगली, पण अंथरुणाला खिळून. परत आला तेव्हा मॅग्पाय कोर्टातल्या चारही घरांच्या भिंती बंद झाल्या होत्या, रंगाचा पहिला हातही फिरला होता. आणि त्याच्या ध्यानात आलं की तो एल्बो नेमका कोणत्या घरात बसवला, ते त्याला आठवत नाही. चारही स्वयंपाकघरं हुबेहूब. त्याला तो कोपरा आठवत होता, खिडकीच्या रिकाम्या चौकटीतून येणारं ऊन आठवत होतं, पेन्सिलचं टोक तुटलेलं आठवत होतं. नंबर आठवत नव्हता. खांबावर लिहिताना घराचा नंबर कशाला कोण लिहील?

तेव्हाच का नाही सांगितलं? हे मी त्याला पुढे ओरडून विचारलं. तो म्हणाला, "मर्लला रोज अंघोळ घालायची होती, नोर. परवाना गेला असता तर तिला कशावर सांभाळलं असतं? महिनाभर थांबू म्हटलं. महिन्याभरात सांगितलं असतं तर ती चूक होती. वर्षाने सांगायचं म्हणजे गुन्हा. मग जितका उशीर तितकं तोंड उघडणं अवघड." बुधवारी तो कॉलेजात पोरांना नियम शिकवत राहिला. कोणता पाइप, कोणती रिंग, कुठे काय चालत नाही.

आणि त्याला वास यायला लागला.

गॅसला स्वतःचा वास नसतो. लोकांना गळती कळावी म्हणून कंपनी त्यात वास घालते, कुजलेल्या कोबीसारखा. लेसला तो वास आधी स्वतःच्या घरात आला. त्याने सगळे सांधे साबणाच्या फेसाने तपासले. काही नाही. मग चर्चमध्ये आला. त्याने प्रार्थना थांबवून सगळ्यांना बाहेर काढलं, अग्निशमनवाले आले, काही नाही. मग सुपरमार्केटात दुधाच्या कपाटापाशी. फुटबॉलच्या मैदानावर, उघड्यावर, वाऱ्यात. पुन्हा चर्चमध्ये. दुसऱ्या वेळी लोक हसले. "फादर लेसला सैतानाचा वास येतोय," असं दुकानात कोणीतरी म्हणालं आणि मीही हसले. त्यानंतर तो बोलायचा बंद झाला. वास बंद झाला नाही. मर्लच्या केसांना यायचा. ती गेल्यावर तिच्या कपाटातल्या स्वेटरांना यायचा. त्या स्वेटरांत तोंड खुपसून रडायचीही त्याला चोरी झाली होती.

मॅग्पाय कोर्टात मात्र तो रोज जायचा. कुत्रा फिरवायच्या निमित्ताने. प्रत्येक घरासमोर गवतावर थांबायचा आणि नाक वर करून उभा राहायचा. कुत्राही कंटाळून बसून घ्यायचा. दोन हजार नऊ साली मी घटस्फोटानंतर घर घेतलं. काउंटरवर मोठ्या कौतुकाने त्याला पत्ता सांगितला, "सात नंबर, मॅग्पाय कोर्ट. तूच पाइप टाकलेयस ना तिथले? म्हणजे मी निर्धास्त." त्याच्या हातातली पिशवी खाली पडली. मला वाटलं, वय झालं.

दोन हजार बारामध्ये तीन नंबरवाल्यांनी स्वयंपाकघर नवं करायला काढलं. लेसने पाइपचं काम फुकट करून दिलं. भिंत उघडली, एल्बो पिवळ्या डब्यातला. पुढे नऊ नंबरवाल्यांनी गॅसच काढून टाकला आणि सगळं विजेवर केलं. लेस तिथेही बिनबोलावता हजर. तिथलाही एल्बो बरोबर. उरली दोन घरं. पाच नंबर भाड्याने दिलेलं, मालक कुठे पर्थला. आणि सात नंबर माझं.

म्हणजे माझ्या भिंतीत तो असण्याची शक्यता निम्मी होती, आणि हे त्या माणसाला माझा केक खाताना ठाऊक होतं.

त्यातच तो साथीचा आजार आला. मी आठ दिवसांत बरी झाले, पण नाक गेलं ते गेलंच. कॉफी म्हणजे गरम पाणी, गुलाब म्हणजे कागद. डॉक्टर म्हणाले, येईल परत. आलं नाही. गुरुवारी लेसला हसत हसत सांगितलं, "टोस्ट जळून कोळसा झाला तरी कळत नाही मला." तो हसला नाही. केकचा तुकडा बशीत तसाच ठेवून म्हणाला, "काहीच नाही? काहीसुद्धा नाही येत?"

पुढच्या गुरुवारी तो गॅसचा अलार्म घेऊन आला आणि स्वतःच्या हाताने शेगडीजवळ प्लगमध्ये लावून गेला. तो मेला अलार्म दोन दिवसांआड बोंबलायचा. मी आधी खिडकी उघडायची, मग टॉवेल हलवायची, मग शिव्या घालायची. मला वाटलं, माल स्वस्तातला आहे, वाफेनेच वाजतोय. एका रविवारी रेडिओवर आवडीचा कार्यक्रम ऐकत होते आणि तो पुन्हा सुरू झाला. उपटला आणि ड्रॉवरमध्ये टाकला, चमच्यांच्या खाली. त्या प्लगमध्ये किटली लावली.

"अलार्म कुठाय?" लेसने विचारलं.

"बिघडलाय तो. लॅव्हेंडरचा फवारा मारला तरी बोंबलतो."

तो बराच वेळ प्लगकडे बघत राहिला. "हो, फवाऱ्याने वाजतात कधीकधी," म्हणाला. मी अलार्म उपटला आणि त्याने ते चालवून घेतलं. दोघांनाही तेच सोयीचं होतं.

त्यानंतर त्याने मला एक मांजर आणून दिली. टॉफी. करड्या रंगाची, महा आगाऊ. "हिला कोंडून घातलेलं चालत नाही. सिंकवरची खिडकी थोडी उघडी ठेवत जा, दिवसरात्र," तो बजावून गेला. बॅलरॅटच्या जुलैत, भर हिवाळ्यात, खिडकी उघडी! मी स्वयंपाकघरात दोन-दोन स्वेटर घालून वावरायची आणि मांजरीला बोल लावायची. पण बंद केली नाही, कारण लेसने मागितलेली ती एकच गोष्ट होती.

मग तो गुरुवार आला. जूनचा पहिला आठवडा, दोन हजार तेवीस. माझी धाकटी बहीण लिनेट वॉर्नम्बूलहून चार दिवस राहायला येणार होती. लेस खुर्चीत बसलेला, पाठ भिंतीला. "छान वास येतोय, नोर," म्हणून झालं होतं. मी चहा ओतत होते. लिनेट बॅगा घेऊन आत शिरली, दारातच थबकली आणि नाक मुरडलं.

"शी! काय गं नोरीन, गॅस गळतोय की काय तुझा? केवढा वास येतोय!"

लेसच्या हातातला कप बशीवर आपटला. चहा त्याच्या पँटवर सांडला, त्याचं लक्षही नव्हतं. तो लिनेटकडे असा बघत होता की तिने एक पाऊल मागे घेतलं.

"तुला येतोय?" तो म्हणाला. "तुलाही येतोय?"

"अहो, कोणालाही येईल! ह्या बाईला नाक नाही, पण तुम्हाला तर आहे ना?"

पंच्याहत्तरीचा म्हातारा, पण इतक्या वेगाने उठलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. "दिव्याचं बटण लावू नका. किटलीला हात लावू नका. दोघी बाहेर व्हा, मांजरीला घ्या," एवढं बोलून तो मीटरकडे धावला. गॅस बंद केला, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. आम्ही गवतावर थंडीत उभ्या. टॉफी माझ्या बोटांना ओरबाडत होती. लिनेट विचारत होती, हा माणूस कोण, आणि मला काय सांगावं कळत नव्हतं.

तो बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. तिथेच, गवतावर, एका दमात. एल्बो, मर्ल, चार घरं, तीन नंबर, नऊ नंबर. एकोणीस वर्षं.

"आणि माझ्या घरात तुला वास येत होता?" मी विचारलं. "कधीपासून?"

"नेहमीच, नोर."

"नेहमीच म्हणजे?"

"अगं, मला सगळीकडेच येतो. चर्चमध्ये येतो. माझ्या उशीला येतो. तुझ्याकडे आलो की दर वेळी येतो आणि दर वेळी मी स्वतःला सांगतो, हा तोच, डोक्यातला. कधी खरा झाला ते मला कळलंच नाही."

इतकी वर्षं त्या वासाने त्याचा छळ मांडला होता आणि ज्या एका घरात तो खरा होता, तिथेच लेसने आपल्या नाकावर विश्वास ठेवायचं सोडलं होतं. त्या क्षणी मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. मला 'छान वास येतोय, नोर' हे शब्द आठवले आणि डोकं फिरलं.

"एक तरी गुरुवार माझ्यासाठी आला होतास का?" मी ओरडले. लिनेट खाली बघायला लागली. लेस मांजरीकडे बघत राहिला.

नियामक खात्याला फोन त्यानेच केला. संध्याकाळच्या आत किम फाम नावाची निरीक्षक आली, तिशीतली, चटपटीत. ती लेसची जुनी विद्यार्थिनी निघाली. भिंत तिने लेसला हात लावू न देता स्वतः कापली. जिप्समचा चौकोन निघाला आणि आतला खांब दिसला. पाइप पिवळा, एल्बो निळ्या डब्यातला. आणि खांबावर जाड पेन्सिलने, तुटक्या टोकाचं, तिरकं अक्षर: "पिवळे संपले. सोमवारी बदलणे. लेस."

किम फामने ते वाचलं आणि सरांकडे वळून पाहिलं नाही. खिडकीकडे पाहिलं. "ही उघडी असते का?"

"कायम. मांजरीसाठी," मी म्हटलं.

"ह्या खिडकीने वाचवलंय तुम्हाला, मिसेस पास्को."

मांजर लेसने दिली होती, हे मी तिला सांगितलं नाही. तेव्हा मला त्याला काहीच द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाच नंबरची भिंतही उघडली. तिथे सगळं नियमाप्रमाणे होतं. लेसने परवाना स्वतःच्या हाताने नेऊन दिला. बुधवारी कॉलेजात जाऊन पोरांसमोर उभं राहून सांगितलं, म्हणे. चौकशी सुरू झाली, ती अजून चालू आहे. गावाला चघळायला विषय मिळाला. माझ्या घरातला गॅस काढून टाकला, मीटर नेलं, रस्त्याकडचा पाइप टोपण घालून बंद केला. विजेची शेगडी आली. कापलेला चौकोन मी बुजवून घेतला नाही. लिनेट म्हणाली, निदान कॅलेंडर तरी लाव त्यावर. लावलं नाही.

लेसने फोन केले, मी उचलले नाहीत. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. गुरुवारी तीन वाजता मी मुद्दाम बाहेर पडायची, तळ्याला चक्कर मारून यायची.

ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी पाऊस होता म्हणून घरीच राहिले. तीनच्या सुमारास टेबलाशी बसून मटार सोलत होते आणि मला वास आला.

दोन वर्षं मला कशाचाही वास आला नव्हता. आता आला, आणि आला तो कुजलेल्या कोबीचा. मी उठले. खिडक्या उघडल्या. विजेच्या शेगडीभोवती फिरले, जणू तिच्यातून गॅस येणार होता. भिंतीच्या भोकाला नाक लावलं. कोरडं लाकूड आणि ती ओळ. मीटरच्या जागी बाहेर चार स्क्रूंची भोकं. घरात गॅस नव्हता, येणार कुठून? टॉफी खिडकीत शांत झोपलेली. वास मात्र हलेना. माझ्या हाताला मटारचा येत नव्हता, साबणाचा येत नव्हता, फक्त तोच. लिनेटला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, डॉक्टरकडे जा. अग्निशमनवाले आले असते आणि हसले असते, जशी मी लेसला हसले होते. माझं बोलणं खरं मानेल असा अख्ख्या गावात एकच माणूस होता.

"लेस," मी फोनवर म्हटलं, "मला वास येतोय."

"येतो," तो म्हणाला.

दहा मिनिटांत तो दारात होता. बूट पुसून आत आला. हातात गेज आणि साबणाच्या पाण्याची बाटली, लावायला घरात एकही पाइप नसताना. मधल्या चार महिन्यांत तो फार वाळला होता. टेबलाशी उभा राहिला आणि नेहमीसारखा लांब श्वास घेतला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"येतोय?"

"नाही, नोर."

"नीट घे."

त्याने पुन्हा घेतला. "नाही येत. भिंत उघडली त्या दिवसापासून मला कुठेच नाही आला."

"मग तो माझ्याकडे आलाय," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

त्याने आपली खुर्ची भिंतीपासून ओढली आणि माझ्या शेजारी आणून ठेवली. आम्ही दोघं त्या भोकाकडे तोंड करून बसलो. आज इथे वास घ्यायला भिंतीत काही नव्हतं, गॅस नव्हता, केकही नव्हता. तरी तो आला होता.

मग मी बोलले. पण आधी तुमच्याशी: वर तुम्हाला मी एक खोटं सांगितलंय. तो शुक्रवार सांगताना 'बाथरूमला लागेल' असं लेस म्हणाला, असं मी लिहिलं. तो तसं म्हणालाच नव्हता. बाथरूम मी नंतर घुसवलं. तो काउंटरवर वाकून, आवाज खाली करून म्हणाला होता, "निळा दे, नोर. सोमवारी बदलतो." आणि मी डोळा मिचकावून म्हटलं होतं, "मी काही पाहिलं नाही, फादर." सोमवारी ट्रक आला. मी त्याच्या नावाचा एक पिवळा एल्बो काउंटरखाली काढून ठेवला. तो न्यायला आला नाही. महिनाभर तो एल्बो माझ्या पायाशी होता. मर्ल आजारी, त्याला कुठे आठवण करून द्यायची, असं मी मनाशी म्हटलं, आणि एके दिवशी तो दुसऱ्या कोणाला तरी विकून टाकला. पाच वर्षांनी त्याच गल्लीत घर घेतलं, तेव्हा तो माझ्या मनातही आला नाही. मी विसरले होते, असंच मी म्हणत आले. किम फामने विचारलं होतं, एल्बो देताना तुम्हाला ठाऊक होतं का? मी तिला बाथरूम सांगितलं.

"मला ठाऊक होतं, लेस," मी म्हटलं. "मी दिला आणि मला ठाऊक होतं."

"आठवतंय मला," तो म्हणाला. "तू डोळा मिचकावलास."

"मग तिला का नाही सांगितलंस?"

"ते माझं सांगायचं नव्हतं."

वास तसाच होता. मी विचारलं, "किती दिवस राहतो हा?"

त्याने खांबावरच्या आपल्या अक्षराकडे पाहिलं. "माझा सांगेपर्यंत राहिला."

"पुढच्या आठवड्यात किमला फोन करते," मी म्हटलं. "आज गुरुवार झाला. सोमवारी करते."

लेस उठला, भिंतीवरचा फोन काढला आणि माझ्यासमोर मटारांच्या शेजारी ठेवला.

"सोमवारी नको, नोर," तो म्हणाला.

मी हात पुसले आणि नंबर फिरवला.